आयावास्का: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी औषधनिर्माणशास्त्र शिकवते. एका औषधाचं दुसऱ्याशी कसं वाकडं येतं हा विषय घेतला, की तास संपल्यावर कुणीतरी हमखास मागे रेंगाळतं. "मॅडम, ते आयावास्का म्हणतात ते काय असतं हो?" पूर्वी हा प्रश्न कुतूहलाचा असायचा. आता विचारणाऱ्याच्या खिशात कधीकधी पेरूचं तिकीट असतं. नेहमीचे प्रश्न एका जागी असावेत म्हणून हे लिहिलं आहे. काढा कसा करायचा, किती घ्यायचा, कुठे मिळेल, यांची उत्तरं इथे सापडणार नाहीत.

आयावास्का म्हणजे नेमकं काय?

दक्षिण अमेरिकेत ॲमेझॉनच्या पश्चिम खोऱ्यात, म्हणजे पेरू, ब्राझील, कोलंबिया, इक्वेडोर आणि बोलिव्हिया या देशांच्या जंगलपट्ट्यात, पिढ्यान्‌पिढ्या केला जाणारा एक काढा. एका जाड वेलीचं खोड कुटून ते बहुधा एका झुडपाच्या पानांबरोबर तासन्‌तास उकळतात. तयार होतं ते दाट, तपकिरी आणि कमालीचं कडू पेय. क्वेचुआ भाषेत 'आया' म्हणजे मृतात्मा किंवा पूर्वज आणि 'वास्का' म्हणजे दोरी किंवा वेल. नाव एकच नाही. कोलंबियात याला 'याहे' म्हणतात, शुआर लोक 'नातेम' म्हणतात, ब्राझीलमधले हुनी कुइन 'निक्सी पाए' म्हणतात.

वेलीचं शास्त्रीय नाव बॅनिस्टेरिऑप्सिस कापी. संस्कृत काव्यात आंब्याला बिलगलेली दिसते ती आपली माधवीलता याच कुळातली आहे. झुडपाचं नाव चाक्रुना, शास्त्रीय नाव सायकोट्रिया व्हिरिडिस. ते कॉफीच्या आणि कदंबाच्या कुळातलं. दिसायला दोन्ही अगदी साधी. मात्र वेलीचं जून खोड आडवं कापलं, तर चकतीवर पाकळ्यांसारखे कप्पे उमटलेले दिसतात, जणू लाकडातच एक फूल कोरलेलं आहे.

दोन वनस्पती कशासाठी? एक पुरत नाही का?

माझ्या दृष्टीने या विषयाचा गाभा इथेच आहे. पुढचे सगळे धोकेही यातूनच निघतात, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

चाक्रुनाच्या पानांत डीएमटी नावाचं द्रव्य असतं. दृश्यं दिसतात ती मुख्यतः त्यामुळे. पण नुसती पानं उकळून प्यायलात तर जवळजवळ काहीच होत नाही. आपल्या आतड्यात आणि यकृतात मोनोअमाइन ऑक्सिडेज, थोडक्यात एमएओ, नावाचं विकर असतं. ते डीएमटीला रक्तात पोहोचण्याआधीच मोडून टाकतं. दारावर पहारेकरी बसवावा तसा हा एमएओ.

वेलीत हार्मिन, हार्मालिन आणि टेट्राहायड्रोहार्मिन ही द्रव्यं असतात. ती या पहारेकऱ्याला काही तासांपुरती झोपवतात. मग डीएमटी मेंदूपर्यंत जातं. हजारो वनस्पतींच्या जंगलात ही जोडी लोकांना कशी सापडली, यावर अभ्यासक आजही वाद घालतात. तिथल्या वैद्यांना विचारलं, तर ते सांगतात की वनस्पतींनीच सांगितलं.

पण पहारेकरी झोपला की दार सगळ्यांनाच उघडं होतं. एरवी एमएओ ज्यांना अडवतो किंवा मोडतो अशी आणखी बरीच द्रव्यं असतात, तीही आत शिरतात. तुमच्या औषधांच्या डब्यातली काही त्यांतच आहेत.

ही परंपरा ५,००० वर्षं जुनी आहे असं वाचलं. खरं का?

जाहिरातींत हा आकडा सर्रास दिसतो, पण त्याला भक्कम पुरावा नाही. बोलिव्हियाच्या डोंगराळ भागातल्या एका गुहेत चामड्याच्या सामानाचं गाठोडं मिळालं, सुमारे १,००० वर्षांपूर्वीचं. त्यात कोल्ह्याच्या तीन मुस्कटांची कातडी शिवून केलेली एक पिशवी होती. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत त्या पिशवीत हार्मिन, डीएमटी आणि कोकेन यांचे अंश आढळले. म्हणजे ही द्रव्यं एका माणसाकडे एकत्र होती एवढं नक्की. ती उकळून प्यायली जात होती हे त्यावरून सिद्ध होत नाही.

लेखी नोंदींत रिचर्ड स्प्रूस या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाचं नाव महत्त्वाचं. त्याने १८५२ मध्ये वाउपेस नदीकाठी तुकानो लोकांमध्ये हे पेय पाहिलं आणि वेलीचे नमुने गोळा केले. काही मानववंशशास्त्रज्ञांचं तर म्हणणं आहे, की आज दिसतो तो विधी मिशनऱ्यांच्या वसाहती आणि रबराचा धंदा यांच्याबरोबर गेल्या दोन-तीनशे वर्षांत पसरला. मला यात परंपरेचा कमीपणा वाटत नाही. जिवंत गोष्टी बदलत जातात.

पारंपरिक विधी कसा होतो?

जमातीगणिक वेगळा. पेरूत उकायाली नदीकाठच्या शिपिबो-कोनिबो लोकांची पद्धत बाहेरच्या जगाला सर्वांत जास्त माहीत आहे, म्हणून तीच सांगते.

विधी रात्री होतो. 'मालोका' म्हणजे झावळ्यांनी शाकारलेलं, बहुधा गोल, मोठं घर. आत चटया, प्रत्येकाजवळ उलटीसाठी एक बादली. वैद्य बाटलीचं बूच काढतो, त्यात हळूच शीळ घालतो, 'मापाचो' या जंगली तंबाखूचा धूर बाटलीच्या तोंडावर फुंकतो आणि मग एकेकाला जवळ बोलावून छोट्या पेल्यातून काढा देतो. दिवा विझतो. अर्धाएक तास नुसते बेडकांचे आणि किड्यांचे आवाज. मग अंधारातून गाणं सुरू होतं.

या गाण्यांना 'इकारो' म्हणतात. शिपिबो समजुतीत औषध काढ्याइतकंच या गाण्यात असतं. प्रत्येक आजाऱ्यासाठी वेगळा इकारो. वैद्य त्याच्यासमोर बसून तो गातो, कुठे चढवतो, कुठे कुजबुजीवर आणतो. शिपिबो बायका कापडावर भरतात त्या चक्रव्यूहासारख्या नक्षीला 'केने' म्हणतात. ती नक्षी आणि ही गाणी यांचं नातं तिथले लोक सांगतात.

आपल्याकडे सहसा माहीत नसलेली गोष्ट म्हणजे पूर्वी बऱ्याच ठिकाणी काढा वैद्यच घ्यायचा, आजारी माणूस नाही. आजार कुठून आला, कुणी करणी केली का, शिकार कुठे मिळेल, हे 'पाहण्यासाठी' तो प्यायचा. प्रत्येक पाहुण्याला पेला ही बरीचशी अलीकडची, पर्यटकांच्या सोयीची पद्धत आहे.

'दिएता' म्हणजे डाएट का?

शब्द तोच, अर्थ पथ्याचा. मीठ, साखर, तिखट, तेल, डुकराचं मांस, दारू आणि शरीरसंबंध बंद. वैद्य होऊ पाहणारा माणूस महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं, जंगलात एकटा राहून एकेका झाडाचं असं पथ्य पाळतो. त्यातून ते झाड त्याला गाणं शिकवतं, अशी श्रद्धा आहे. आठवड्याचा कोर्स करून 'शामन' झालेल्या माणसाचं पत्रक हातात आलं, की मला ही वर्षं आठवतात.

ब्राझीलमध्ये हा धर्माचा भाग आहे म्हणतात?

हो. राइमुंदो इरिनेउ सेरा हा रबराच्या मळ्यांत राबलेला कृष्णवर्णीय मजूर. त्याने १९३० च्या सुमारास आक्रे राज्यातल्या रिओ ब्रांको इथे 'सांतो दाइमे' पंथ सुरू केला. जोझे गाब्रिएल दा कोस्ता यानेही रबराचा चीक गोळा केलेला. त्याने १९६१ मध्ये 'उनियाऊँ दो व्हेजेताल' स्थापन केला. दोन्ही पंथांत ख्रिस्ती प्रार्थना, आफ्रिकी वारसा आणि जंगलातलं ज्ञान एकत्र नांदतं. दाइमेमध्ये काढा करणं हीच पूजा असते: पुरुष ओळीत बसून लाकडी मोगऱ्यांनी वेल कुटतात, बायका एकेक पान निवडून पुसतात आणि सोबत भजनं चालू.

ब्राझीलने १९८५ मध्ये वेलीवर बंदी घातली, मग अभ्यास समिती नेमली आणि १९८७ मध्ये धार्मिक वापराला मुभा दिली. २०१० च्या नियमांनुसार तिथे त्याचा व्यापार करता येत नाही. अमेरिकेत २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उनियाऊँ दो व्हेजेतालच्या बाजूने एकमताने निकाल दिला.

घेतल्यावर काय होतं?

साधारण २० ते ६० मिनिटांत सुरुवात, एक-दोन तासांत शिखर, चार ते सहा तासांत उतार. अंगात मुंग्या, मळमळ, उलटी, कधी जुलाब. नाडी आणि रक्तदाब वाढतात. डोळे मिटले की नक्षी, रंग, साप, जनावरं, गेलेली माणसं. जुन्या आठवणी इतक्या जवळ येतात की माणूस हुंदके देतो. काहींना अपार शांतता मिळते. काहींना आपण मेलो किंवा वेडे झालो याची खात्रीच पटते आणि ते तास संपता संपत नाहीत. तोच माणूस, तोच काढा, तरी दोन रात्री सारख्या नसतात. कुणाला काहीच होत नाही.

उलटी होते म्हणजे शरीरातली विषं बाहेर पडतात का?

तिथे उलटीला 'ला पुर्गा' म्हणतात आणि ती उपचाराचाच भाग मानतात. आपल्याकडे वमन आहे, त्यामुळे हे आपल्याला पटकन पटतं. औषधशास्त्राच्या अंगाने पाहिलं तर आतड्यात आणि मेंदूत वाढलेलं सेरोटोनिन (पेशींमध्ये निरोप पोहोचवणारं रसायन) आणि काढ्यातली द्रव्यं यांनी उलटी होते. ती झाल्यावर हलकं वाटतं, त्याचा अर्थ ज्याचा त्याने लावावा. पण तिच्यामुळे मधुमेह, कर्करोग किंवा 'टॉक्सिन' निघून जातात असं कुणी सांगत असेल, तर ते खोटं आहे.

व्यसन लागतं का?

दारू किंवा अफूसारखी शारीरिक ओढ लागल्याचं दिसत नाही. पण दर अडचणीला पुढचा समारंभ हेच उत्तर शोधत फिरणारी माणसं असतात.

नैराश्य बरं होतं का?

आशा वाटावी असे निष्कर्ष आहेत, पण ते लहान अभ्यासांतले. ब्राझीलमधल्या नाताल शहरातल्या संशोधकांनी, औषधांनी बरं न वाटलेल्या २९ रुग्णांवर चाचणी केली. १४ जणांना एकदा काढा दिला, १५ जणांना तसाच दिसणारा आणि मळमळ आणणारा खोटा काढा. सातव्या दिवशी खऱ्या काढ्याच्या गटातल्या ६४ टक्क्यांना आणि खोट्याच्या गटातल्या २७ टक्क्यांना लक्षणीय आराम होता. खोट्या काढ्यानेही चौघांतल्या एकाला बरं वाटलं, हेही लक्षात ठेवा. शिवाय ही माणसं तपासून निवडलेली होती आणि त्यांची आधीची औषधं डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबवलेली होती. रुग्णालयातल्या त्या खोलीवरून जंगलातल्या कुठल्याही शिबिराचा अंदाज बांधू नका.

मी नैराश्याच्या गोळ्या घेते. काही दिवस थांबवून जाऊ का?

नाही. हे पान लिहायला बसले ते खरं तर याच प्रश्नासाठी.

मागे परदेशात नोकरी करणाऱ्या एका मराठी मुलाचा मेसेज आला: "मॅडम, तिकीट काढलंय, एस्सिटालोप्राम चालू आहे, चालेल ना?" शिबिराने भरून घेतलेला अर्ज त्याने पाठवला. त्यात शाकाहारी की मांसाहारी हे विचारलेलं होतं, चटई हवी की झोपाळा हेही विचारलेलं होतं. कुठली औषधं चालू आहेत, ही ओळच नव्हती. मी तो अर्ज दोनदा वाचला आणि हात गार पडले.

एस्सिटालोप्राम, सर्ट्रालीन, फ्लुओक्सेटिन यांसारखी औषधं मेंदूत सेरोटोनिन वाढवतात. वेल ते मोडू देत नाही. दोन्ही एकत्र आली की 'सेरोटोनिन सिंड्रोम' होऊ शकतो: घाम, थरथर, स्नायू आखडणं, ताप चढत जाणं, बेभान होणं आणि प्रसंगी मृत्यू.

चार दिवस गोळी चुकवून हे टळत नाही. फ्लुओक्सेटिन बंद केल्यावर एमएओ रोखणारं औषध द्यायचं असेल, तर डॉक्टर किमान ५ आठवडे थांबतात. आणि गोळी अशी परस्पर बंद केली, तर ज्या आजारासाठी ती चालू होती तोच उसळतो, परक्या देशात, घरच्यांपासून हजारो मैलांवर. तो मुलगा गेला नाही. त्याने तिकिटाचे पैसे सोडले. मला अजूनही त्याचे दिवाळीला मेसेज येतात.

आणखी कुठली औषधं चालत नाहीत? आयुर्वेदिक तरी?

ट्रॅमाडॉल ही दुखण्यावरची गोळी. डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं खोकल्याचं सिरप. फेनिलेफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन असलेल्या सर्दीच्या गोळ्या, ज्या आपण दुकानातून नाव सांगून आणतो. लक्ष लागावं म्हणून दिली जाणारी उत्तेजक औषधं. लिथियम, कारण अशा पदार्थांबरोबर त्याने आकडी येऊ शकते. एमडीएमएसारखी पार्टीतली द्रव्यं तर नाहीतच.

'आयुर्वेदिक म्हणजे निर्धोक' हा समज इथे महागात पडेल. खाजकुइलीच्या बिया, म्हणजेच कौंचबीज, बऱ्याच शक्तिवर्धक पाकांत असतात. त्यांत एल-डोपा असतं आणि एमएओ झोपलेला असताना त्याने रक्तदाब भडकू शकतो. तुम्ही घेत असलेल्या प्रत्येक गोष्टीचं नाव, चूर्णापर्यंत, डॉक्टरांना सांगा.

औषधं चालू नसली तरी कुणी लांब राहावं?

स्वतःला किंवा रक्ताच्या नात्यात कुणाला स्किझोफ्रेनिया किंवा उन्मादाचा, म्हणजे बायपोलर, आजार असेल त्यांनी. एका रात्रीत सुरू झालेला भ्रम महिनोन्‌महिने राहू शकतो. हृदयविकार किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असलेल्यांनी, फिट्स येणाऱ्यांनी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी. घरातला आजार लपवायची आपल्याकडे सवय आहे, "काका जरा विक्षिप्त होते" एवढंच सांगितलं जातं. म्हणून आधी घरच्या मोठ्यांना स्पष्ट विचारा.

काढ्यात आणखी काही मिसळतात का?

मिसळतात. सर्वांत घातक 'तोए', शास्त्रीय नाव ब्रुगमान्सिया. ते आपल्या धोतऱ्याचं भावंड, फुलं खाली लोंबणारी. त्यात स्कोपोलामिन असतं. धोतऱ्याची विषबाधा ज्याने पाहिली आहे, त्याला वेगळं सांगायला नको: तोंड कोरडं, बुबुळं विस्फारलेली, काय बोलतोय याचं भान नाही. जाणते वैद्य ते क्वचित आणि जपून वापरतात. पर्यटकाला 'जोरदार अनुभव' देण्यासाठी ते सढळ हाताने घालणारे लोकही आहेत. पेल्याकडे पाहून काहीच कळत नाही.

शिबिरांमध्ये आणखी कोणते धोके असतात?

अंधारात, शुद्ध हरपलेली, परक्या भाषेत अडकलेली बाई. तिचा गैरफायदा घेतल्याच्या तक्रारी अनेक ठिकाणांहून आल्या आहेत. 'उपचारासाठी' अंगावरचे कपडे काढायला सांगणं परंपरेत बसत नाही. नकार दिला तर 'तुझा अहंकार आडवा येतोय' असं ऐकवणारा माणूस वैद्य नसतो. पेरूतल्या इकितोस शहराला तर जोडणारा हमरस्ताही नाही, बोट किंवा विमान एवढेच पर्याय. मोठ्या रुग्णालयापासून ते शिबिर किती तासांवर आहे, हे आधी विचारावं.

भारतात हे कायदेशीर आहे का?

नाही. डीएमटी १९८५ च्या एनडीपीएस कायद्याच्या, म्हणजे अमली पदार्थांविषयीच्या कायद्याच्या, अनुसूचीत आहे, आणि ते असलेलं मिश्रणही त्यात येतं. अल्प प्रमाणाला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, व्यापारी प्रमाणाला १० ते २० वर्षं. गोव्यात समुद्रकाठी कुणी 'सेरेमनी' म्हणून बोलावलं किंवा पेरूहून कुणी बाटली पाठवतो म्हणाला, तरी कायदा हाच.

आपला सोमरस हाच होता का?

हा प्रश्न पुण्यात हटकून येतो! ऋग्वेदात सोम दगडांनी कुटून, लोकरीच्या गाळणीतून गाळून, दुधात मिसळल्याचं वर्णन आहे. तासन्‌तास उकळणं नाही, दोन वनस्पतींची जोडी नाही. सोम म्हणजे कुठली वनस्पती यावर विद्वानांचं एकमत नाही, पण ॲमेझॉनची वेल ती नक्कीच नव्हे.

वेलीवर कुणीतरी पेटंट घेतलं होतं ना?

हो. १९८६ मध्ये लॉरेन मिलर या अमेरिकनाला या वेलीच्या एका वाणावर पेटंट मिळालं. ॲमेझॉन खोऱ्यातल्या आदिवासी संघटनांच्या महासंघाने आक्षेप घेतला आणि १९९९ मध्ये ते रद्द झालं. पण कारण वाचून वाईट वाटतं. पिढ्यांचं ज्ञान ग्राह्य धरलं नाही. ग्राह्य धरले ते शिकागोच्या संग्रहालयातले वाळवलेले, तसेच दिसणारे नमुने. २००१ मध्ये पेटंट पुन्हा बहाल झालं आणि २००३ मध्ये मुदत संपून गेलं.

आपल्याला हे परकं वाटू नये. जखमेवर हळद लावण्याचं अमेरिकी पेटंट १९९७ मध्ये रद्द झालं, तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख होते डॉ. रघुनाथ माशेलकर. आपल्याकडे दाखवायला पोथ्या आणि छापील लेख होते. शिपिबो आजीकडे गाणं होतं.

पेरूने २००८ मध्ये राष्ट्रीय वारसा म्हणून जाहीर केलं ते आदिवासी समाजांचं या वेलीविषयीचं ज्ञान आणि पारंपरिक वापर. ही शब्दयोजना मला फार मोलाची वाटते.

पर्यटकांमुळे तिथल्या लोकांचं भलं होतं का?

काहींचं होतं. तरुण पोरं पुन्हा इकारो शिकू लागली आहेत, हे खरं. पण जून वेल मिळवायला आता जंगलात दूरवर जावं लागतं, आणि पैसा बहुतेकदा बाहेरच्या मालकांकडे जातो. एप्रिल २०१८ मध्ये पेरूतल्या पुकाल्पा शहराजवळ ओलिव्हिया आरेव्हालो या वयोवृद्ध शिपिबो वैद्यीणबाईंची गोळ्या घालून हत्या झाली. संशयित परदेशी माणसाला जमावाने ठार मारलं. त्या गेल्या तशी त्यांना पाठ असलेली गाणीही गेली.

कुणी घेतलंय आणि तब्येत बिघडली आहे. काय करू?

माणसाला एकटं सोडू नका. बेशुद्ध किंवा ओकत असेल तर कुशीवर वळवा. ताप, अंग आखडणं, आकडी, छातीत दुखणं, सतत थरथर किंवा कुणाला न ओळखणं यांतलं काहीही दिसलं, तर महाराष्ट्रात १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. पोलिसांच्या भीतीने थांबू नका. उलटी थांबवायला किंवा झोपवायला घरातली कुठलीही गोळी देऊ नका. डॉक्टरांना 'आयावास्का, डीएमटी आणि एमएओ रोखणारं द्रव्य' हे शब्द असेच सांगा, किती वाजता घेतलं ते सांगा, आणि रोजच्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. शरीर सावरलं पण दिवसेंदिवस झोप नाही, संशय, भीती असं चालू राहिलं, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.